जपून ठेवले ते परत मिळते का?



हे सदर कुटुंबाच्या पानावर येते, तेव्हा आज घरातल्याच गोष्टीपासून सुरुवात करतो. आम्ही मुळशी तालुक्यात, पौडच्या अलीकडे राहतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाणे ही काही बातमी नव्हे. ताम्हिणीच्या बाजूने पाऊस उतरला की दिवसातून सहा वेळा लाइट जाते आणि पाच वेळाच येते, असे आमचे थोरले बंधू म्हणतात. गेल्या आषाढात एका संध्याकाळी ती अशीच गेली, आली, पुन्हा गेली. आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा आमचा कॉम्प्युटर काही उठला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली आणि तिथेच थांबली.

कॉम्प्युटर तसा जुनाच होता. कंपन्यांनी काढून टाकलेली यंत्रे दुरुस्त करून विकतात, त्यातला. हिंजवडी आणि माण ही गावे आमच्याच तालुक्यातली. तिथल्या काचेच्या इमारतींत दूरदूरच्या देशांतल्या कंपन्यांची माहिती सांभाळली जाते, आणि त्याच तालुक्यात आमच्या घरातले चार कागद आम्हाला सांभाळता आले नाहीत.

त्या कॉम्प्युटरमध्ये होते तरी काय? पुतणीच्या जात पडताळणीची सगळी फाईल स्कॅन करून ठेवलेली होती. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता. आपल्या घरांत हे समजावून सांगायला नको. अनुसूचित जातीच्या दाव्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्या काळात आपले किती आजोबा-पणजोबा शाळेच्या पायरीपर्यंत पोहोचले होते? आमचे आजोबा पोहोचले होते. त्यांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा हा आमच्या घरातला सर्वांत मोलाचा कागद. मूळ उतारा वाळवीने निम्मा खाल्ला, म्हणून तर उरलेला आम्ही मोठ्या हौसेने स्कॅन करून घेतला होता. दुसरे म्हणजे २००६ सालचे फोटो. दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेची पन्नास वर्षे साजरी झाली तेव्हा आम्ही घरचे सगळे नागपूरला गेलो होतो. वडील तेव्हा होते.

बंधूंचा चेहरा उतरला. वहिनी काही बोलल्या नाहीत. आम्ही मात्र छातीठोकपणे म्हणालो, “घाबरू नका, आपल्याकडे रिस्टोअर पॉइंट आहे.” कॉम्प्युटर घेतला त्याच महिन्यात आम्ही स्वतः बसून तो तयार केला होता. ‘सिस्टिम रिस्टोअर’ असे त्याचे नाव. रिस्टोअर म्हणजे पूर्ववत करणे, एवढे इंग्रजी आम्हालाही येते. पूर्ववत होणार म्हणजे कागद परत येणार, असा आमचा सरळ हिशेब.

दुरुस्तीवाल्याने डबा उघडून पाहिला आणि म्हणाला, “मामा, हार्ड डिस्क गेलीय. नवी टाकून विंडोज मारून देतो.”

“आणि डी ड्राइव्हमधलं?”

“डी तरी कुठं वेगळाय? एकाच डिस्कचे दोन भाग असत्यात ते.”

वाचकहो, हे वाक्य कापून ठेवण्यासारखे आहे. गेली पंचवीस वर्षे आम्ही ऐकत आलो की ‘सी’मध्ये काही ठेवू नका, सगळे ‘डी’त ठेवा. सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. व्हायरस शिरला, विंडोज बिघडले आणि सी फॉरमॅट करावा लागला, तर डी वाचत असे. पण एकाच घराच्या दोन खोल्या केल्या म्हणजे घर बुडताना मागची खोली तरंगत नाही. आणि तो आमचा रिस्टोअर पॉइंट? तोही त्याच डिस्कवर.

पुढे काय झाले ते सांगतोच, पण आधी ही गफलत नीट समजून घेऊ. आमचा भाचा हिंजवडीला कंत्राटावर कॉम्प्युटर देखभालीचे काम करतो. तो रविवारी आला. त्याने आम्हाला रागावले नाही, पण एक प्रश्न विचारला. “मामा, तुम्हाला यंत्र परत पाहिजे होतं की कागद?”

सगळी मेख इथे आहे. प्रत्येक कॉम्प्युटरबरोबर बॅकअपची साधने फुकट येतात, वेगळी विकत घ्यावी लागत नाहीत. पण त्यांतली काही यंत्राला वाचवण्यासाठी असतात आणि काही कागदांना. नावे मात्र सगळ्यांची सारखीच. सिस्टिम रिस्टोअर विंडोजमध्ये २००० सालापासून आहे. एखादा नवा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर टाकल्यावर यंत्र अडखळू लागले तर ते कालच्या स्थितीत नेऊन ठेवणे, एवढेच त्याचे काम. तुमची पत्रे, फोटो, स्कॅन यांना ते हातही लावत नाही. त्याने आम्हाला फसवले नाही. आम्ही त्याचे नाव वाचले आणि पुढचे वाचलेच नाही.

मग आम्ही ठरवले की आता ऐकीव माहितीवर विसंबायचे नाही. भाच्याला बरोबर घेऊन तीन ठिकाणची तीन यंत्रे तपासायची. बंधूंनी मुलीसाठी हप्त्याने घेतलेला विंडोज ११ चा लॅपटॉप, आमच्या ओळखीच्या एका छापखान्यातला मॅक, आणि विहाराच्या वाचनालयातला लिनक्सवर चालणारा जुना कॉम्प्युटर. परीक्षा सगळ्यांना एकच. ‘चाचणी’ नावाचे एक फोल्डर करायचे. त्यात एक पत्र, एक फोटो आणि आमच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला एक लेख. बॅकअप घ्यायचा, फोल्डर पुसून टाकायचे, मग परत मागायचे. जो देईल तो खरा.

पहिला विंडोजचा लॅपटॉप. त्यात कागदांसाठी ‘फाईल हिस्टरी’ नावाचे साधन आहे. ते २०१२ साली विंडोज ८ बरोबर आले आणि विंडोज ११ मध्येही आहे, फक्त कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन शोधावे लागते. बाहेरची हार्ड डिस्क जोडायची आणि ते चालू करायचे. मग ते दर तासाला बदललेल्या फाईलींची प्रत घेत राहते. सवयीप्रमाणे आम्ही ‘चाचणी’ फोल्डर डी ड्राइव्हमध्ये केले. बॅकअप घेतला, फोल्डर पुसले, परत मागितले. मिळाले नाही. कारण हे साधन डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठराविक जागाच पाहते. डी ड्राइव्हमधले फोल्डर त्याच्या गावीही नसते. ते लायब्ररीत मुद्दाम जोडून द्यावे लागते. म्हणजे पंचवीस वर्षांची आपली सवय आणि हे साधन यांची चुकामूक. किती घरांत फाईल हिस्टरी चालू असेल आणि खरे कागद डीमध्ये पडून असतील, या विचाराने आम्हाला धडकीच भरली.

फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये ठेवल्यावर मात्र साधनाने शब्द पाळला. शिवाय आम्ही पत्रात तीनदा फेरफार केले होते, तर आधीच्या आवृत्त्याही निघाल्या. अर्जात चूक झाली आणि सकाळचा मजकूर पुन्हा हवा असला तर केवढी सोय!

त्याच कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ म्हणून आणखी एक जुने साधन आहे. त्याच्या नावापुढे कंसात ‘विंडोज ७’ असे लिहिलेले असते. ते २००९ सालचे, आणि ते बनवणाऱ्या कंपनीनेच त्याची पुढची वाढ थांबवली आहे. तरी त्याचे एक काम आम्हाला आवडले. ते अख्ख्या यंत्राचा ठसा काढून ठेवते, म्हणजे विंडोज, प्रोग्राम, फॉन्ट, कागद असे सगळेच. मात्र तो परत उतरवायला जुन्या डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी डिस्क लागते. आणि यंत्रच सुरू होत नसेल तर आधी करून ठेवलेला रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह हाताशी हवा. असा पेन ड्राइव्ह आम्ही आजवर कोणाच्याही घरी पाहिलेला नाही.

तिसरी गोष्ट नुसती ‘विंडोज बॅकअप’. नवा लॅपटॉप चालू केल्यापासून हीच पुढे पुढे करते. ही डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप वगैरे इंटरनेटवरच्या वनड्राइव्हमध्ये ठेवते. फुकट जागा पाच जीबी. एका लग्नाच्या फोटोंतच ती संपते. तरी दाखले, गुणपत्रिका, शपथपत्रे एवढ्यासाठी पाच जीबी पुष्कळ झाली, आणि घर बुडाले तरी ती प्रत दूर राहते हा मोठा फायदा. पण दोन खड्डे ध्यानात ठेवा. एक म्हणजे, हे दोन आरशांसारखे आहे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. कचरापेटीत ते तीस दिवस थांबते, एकतिसाव्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही. दुसरे म्हणजे, डाउनलोड्स हे फोल्डर त्यात जात नाही. आता सांगा, सरकारी संकेतस्थळावरून उतरवलेला उत्पन्नाचा दाखला आपण कुठे ठेवतो? जिथे पडतो तिथे. डाउनलोड्समध्ये.

विंडोजविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. नव्या लॅपटॉपची डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. यंत्र बिघडले आणि डिस्क दुसरीकडे लावली की ती ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली कंपनीच्या आपल्या खात्यात जमा असते. ज्या मुलाने दुकानात उभ्या उभ्या कोणत्या तरी ईमेलवर खाते उघडून दिले, त्याच्याकडून तो ईमेल आणि पासवर्ड आजच लिहून घ्या.

छापखान्यातला मॅक आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या घरी असेल. किंमतच तशी. पण तुलना करायची तर प्रामाणिकपणे करावी. ऑक्टोबर २००७ पासून त्यात ‘टाइम मशीन’ नावाचे साधन येते, आणि या परीक्षेत पहिला नंबर त्याचाच. डिस्क जोडली की ते स्वतःच विचारते, हिच्यावर बॅकअप घेऊ का? हो म्हटले की आपले काम संपले. गेल्या चोवीस तासांच्या तासातासाच्या प्रती, गेल्या महिन्याच्या रोजच्या, त्याआधीच्या आठवड्याच्या. डिस्क भरली की सर्वांत जुने आपोआप जाते. यंत्र वाचवायचे की कागद, हा भाच्याचा प्रश्न इथे पडत नाही. कागद, प्रोग्राम, जोडलेले फॉन्ट हे सगळे ते घेते, आणि नव्या मॅकवर तसेच उतरवूनही देते. पुसलेले ‘चाचणी’ फोल्डर चुटकीसरशी परत आले. लेखाची मराठी अक्षरेही जशीच्या तशी.

मग खोट कुठे? एक तर ती डिस्क विंडोजवाल्याच्या काही कामाची राहत नाही. आणि नवी डिस्क स्वीकारताना हे साधन बहुधा ती आधी पुसून घेते. तसे ते विचारते, पण घाईत कोण वाचतो? छापखान्यातल्या ऑपरेटर ताईंनी स्वतःच सांगितले की त्यांच्या मुलीच्या बारशाच्या फोटोंची डिस्क त्यांनी अशीच घालवली. बॅकअप घेण्याच्या उत्साहात.

आता विहारातला कॉम्प्युटर. कोणी तरी दान दिलेला, त्यावर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. जुन्या यंत्रात विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप नाही, म्हणून ते चढेना. मुलांनी यंत्र भंगारात काढायचे म्हटले, पण भाच्याने त्यावर ‘लिनक्स मिंट’ घातले. फुकट, आणि चालते झकास. त्यात ‘टाइमशिफ्ट’ नावाचे साधन सोबतच येते. नाव ऐकून आम्हाला वाटले, हे त्या टाइम मशीनचेच भावंड असणार. फोल्डर पुसले, टाइमशिफ्टने यंत्र मागच्या दिवसावर नेले. यंत्र गेले मागे. फोल्डर नाहीच.

“मामा, पुन्हा तेच,” भाचा हसला.

टाइमशिफ्ट हे विंडोजच्या सिस्टिम रिस्टोअरचे भावंड. ते यंत्राचे ठसे घेते आणि आपल्या घरच्या फोल्डरला मुद्दामच हात लावत नाही, नाही तर यंत्र मागे नेताना आपले कालचे लिखाणही पुसले जाईल. त्यामागे विचार आहे, पण नाव फसवे. कागदांसाठी मिंटमध्ये वेगळे ‘बॅकअप टूल’ आहे. ते घरच्या फोल्डरचे एक मोठे गाठोडे बांधून देते. त्यातून ‘चाचणी’ परत मिळाले. मात्र ते आपण होऊन काही करत नाही, दर वेळी बसून गाठोडे बांधावे लागते. उबंटू या दुसऱ्या लिनक्ससाठी ‘देजा दूप’ नावाचे साधन आहे. ते दर दिवशी किंवा दर आठवड्याला आपोआप प्रत घेते. काही ठिकाणी ते आधीपासून असते, नसेल तर सॉफ्टवेअरच्या यादीतून फुकट घेता येते. तेही डाउनलोड्स फोल्डर वगळते, आपण सांगितले नाही तर. या डाउनलोड्सवर सगळ्यांचाच राग का, कोण जाणे.

मराठी लेखाचे काय झाले ते सांगायलाच हवे, कारण ही अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्या चळवळीची कितीतरी पत्रके, स्मरणिका, वधू-वर सूचक पुस्तिका जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. पुण्यातूनच निघालेली श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, ही नावे टायपिंग केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. युनिकोड येण्याआधीचे हे फॉन्ट. त्यांत मराठी ‘अ’ कॉम्प्युटरच्या लेखी ‘अ’ नसतो, इंग्रजी अक्षरावर मराठी मुखवटा चढवलेला असतो. विंडोजच्या फाईल हिस्टरीतून आमचा लेख परत आला खरा, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला तर इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कंस यांचा नुसता काला. पाणिनी आला असता तरी हात टेकले असते. लेख परत आला, त्याचा मुखवटा आला नाही. कारण फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतात आणि कागदांचे साधन तिकडे जात नाही. त्यावर उपाय असा की फॉन्टच्या फाईली लेखांसोबत ठेवाव्या, प्रत्येक लेखाची पीडीएफ करावी, आणि सवड मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. आमच्याकडे १९९० च्या दशकातल्या फ्लॉप्यांचा एक डबा आहे. त्यांतल्या बहुतेकींना मुळशीच्या ओलीने केव्हाच बुरशी आली. ज्या वाचल्या त्या लावायला यंत्र नाही. आणि यंत्र मिळाले तरी त्या काळच्या डॉसमध्ये बॅकअप घेतलेल्या फ्लॉप्या तसल्याच रिस्टोअरने आणि क्रमानेच घालाव्या लागत. विंडोज एक्सपीच्या बॅकअपचीही गत तीच. पुढच्या विंडोजमध्ये तो थेट उघडेना, त्यासाठी वेगळा प्रोग्राम आणावा लागे. म्हणून आमचे स्पष्ट मत झाले आहे. यंत्रासाठी कोणतेही साधन वापरा, पण महत्त्वाच्या कागदांची एक प्रत साधी, उघडी, कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशीच ठेवा. गाठोडे सोडायला गाठोडेवालाच लागावा, हे बरे नव्हे.

मोबाइलबद्दल थोडक्यात. बहुतेक घरांत आता तोच कॉम्प्युटर. अँड्रॉइडवर गूगलची फुकट जागा १५ जीबी, आयफोनवर ॲपलची ५ जीबी. गूगलकडे फोटो हवे तितके फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ ला बंद झाली, आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही पुढे त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. जागा भरली की बॅकअप थांबतो. फोन तसे सांगतो, पण शंभर सूचनांत ती एक कोण पाहणार? सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा, एवढे आज रात्री पाहा.

आता आमच्या उताऱ्याची गोष्ट. पुतणीने तो स्कॅन एकदा मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मैत्रिणीच्या फोनमध्ये तो मिळाला. घरात आनंदीआनंद! पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की चित्र आकसते. रजिस्टर क्रमांकातला तिसरा आकडा ३ आहे की ८, हे भिंग लावूनही कळेना. हेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले असते तर जसेच्या तसे राहिले असते. शेवटी बंधूंनी कारखान्यातून रजा काढली आणि आम्ही दोघे आजोबांच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाईंनी दोन्ही क्रमांक काढून पाहिले. दुसऱ्या पानावर आजोबांचे नाव होते, निळ्या शाईत. नवा उतारा मिळाला, पडताळणी झाली, पोरगी कॉलेजला जाते आहे. जे कागद सरकारकडून पुन्हा मिळतात त्यांच्यासाठी डिजीलॉकर आहे, डिजिटल सहीचा सातबारा आहे. धावपळ होते, पण सापडतात. नागपूरचे फोटो मात्र कोणत्या रजिस्टरमधून काढणार? वडिलांनी निळी टोपी घातलेला तो एक फोटो आईला फार आवडायचा. तो गेला.

आता आम्ही तीन घरांनी मिळून एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली आहे. एका घराला ती जड गेली असती. प्रत्येकाचे फोल्डर वेगळे. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. कारण खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या डिस्कवरचेही सगळे कुलूपबंद करतो. आणि भाच्याच्या आग्रहावरून एक प्रत घराबाहेर. तो म्हणतो, प्रती तीन, दोन प्रकारच्या जागांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. अमेरिकेतल्या पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने हा नियम लोकप्रिय केला. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, माणसे गेली, मजल्यांवरच्या फायली जळाल्या. आधी स्कॅन होऊन दुसरीकडे जमा झालेले तेवढे कागद सरकारला परत काढता आले. मंत्रालयाचे हे, तर आमच्या कौलारू घराचे काय?

आईला हे पटवताना मात्र नाकी नऊ आले. तिने डिस्क दाखल्यांच्या पत्र्याच्या पेटीत, फडक्यात बांधून ठेवली होती. आमच्या भागात शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या धरणाखाली गावेच्या गावे गेली, सेनापती बापटांनी त्यासाठी सत्याग्रह केला. तेव्हापासूनच्या गोष्टी ऐकत वाढलेली ती बाई. घर सोडायची वेळ आली तर आधी पेटी उचलायची, हे तिच्या रक्तात आहे. “आरं, पेटी हाय की भक्कम. तिकडं दुसऱ्याच्या घरी कशाला?” तिचे म्हणणे. दुसऱ्याचे घर म्हणजे दापोडीला राहणारी आमची आत्या, म्हणजे तिची सख्खी नणंद! अखेर असे ठरले की जुन्या लॅपटॉपमधून निघालेली एक छोटी डिस्क आत्याकडे राहील आणि मोठी पेटीत. दर दोन महिन्यांनी आत्या पीएमपीच्या बसने येते, पिशवीत डबा आणि डब्याखाली डिस्क. आम्ही नवे कागद चढवतो. मग पुतणी त्यातली कोणतीही एक फाईल आपल्या लॅपटॉपवर उघडून दाखवते. ती उघडल्याशिवाय आत्याला परतीच्या बसला जाऊ देत नाही.

गेल्या खेपेला तिने उघडलेली फाईल आत्याच्याच जुन्या मेमरी कार्डातून आम्ही नुकतीच उतरवून घेतली होती. नागपूरचा फोटो, २००६ चा. गर्दीत कोणाचा तरी हात मध्ये आलेला, वडील एका कडेला, अर्धेच दिसतात. आईने लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला आणि आत्याची बस चुकली.